वाचक विचारतात : चागोसची बेटं परत मिळाली म्हणे, पण माणसं?

हिंदी महासागरातली चागोस बेटं ब्रिटनने मॉरिशसला परत द्यायची, असा करार मे 2025 मध्ये झाला, त्याबद्दल आणि तिथून हाकललेल्या मूळ रहिवाशांबद्दल मागच्या अंकात दहा-बारा ओळींची एक चौकट छापली होती. तेवढ्यावर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप येतील असं आमच्या ऑफिसात कुणालाच वाटलं नव्हतं. त्यामुळे या वेळी गुडघेदुखी आणि म्युच्युअल फंड पुढच्या अंकावर ढकललेत, रागावू नका. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि ज्यांनी चार-चार पानं लिहिलीत त्यांची कापाकापी केलीये.

ताई, हे चागोस आहे कुठे? मॅपवर शोधलं तर नुसतं निळं पाणी दिसतं. आणि एवढ्याशा बेटांवरून एवढी भांडणं का? – वाचक, ठाणे

अजून झूम करा. कन्याकुमारीपासून सरळ खाली साधारण 1,800 किलोमीटर गेलात की मालदीवच्या दक्षिणेला साठेक ठिपके दिसतील, तेच चागोस. गंमत बघा, आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्तबिंदूमुळे तयार झाला त्याच्याच पुढच्या उद्रेकांमधून लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही पाण्याखालची रांग तयार झाली असं भूगर्भवाले सांगतात, म्हणजे नातं तसं जुनं आहे. यातलं सगळ्यात मोठं बेट दिएगो गार्सिया. घोड्याच्या नालेसारखा आकार, मध्ये खोल शांत पाणी, नौदलाला आणखी काय पाहिजे? तिथे अमेरिकेचा तळ आहे. 1991 चं आखाती युद्ध, 2001 चं अफगाणिस्तान, 2003 चं इराक, तिन्ही वेळा बॉम्बर विमानं इथून उडाली, आणि 2025 च्या वसंतात बी-टू बॉम्बर विमानं इथेच आणून उभी केली होती. भांडण आहे ते यासाठी. नारळासाठी कोण भांडतंय!

तुमच्या चौकटीत "मूळ रहिवासी" असा शब्द होता. माझ्या वाचनात आलंय की ही बेटं रिकामीच होती आणि फ्रेंचांनी तिथे गुलाम आणून नारळाच्या बागा लावल्या. मग हे लोक मूळचे कसे? उद्या कुणीही उठून म्हणेल. – बागायतदार, रत्नागिरी

प्रश्न रोखठोक आहे आणि माहितीही बरोबर आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच मळेवाल्यांनी मादागास्कर, मोझांबिककडून गुलाम म्हणून माणसं आणली, 1814 च्या तहात मॉरिशसबरोबर ही बेटं इंग्रजांकडे गेली, 1835 ला गुलामी संपली, पुढे हिंदुस्थानातूनही मजूर गेले. पण त्यांच्या आधी तिथे कुणीच राहत नव्हतं. म्हणजे कुणाला हुसकून हे आले नाहीत, त्या जमिनीवर वस्ती करणारी पहिली माणसं हीच, पाच-सहा पिढ्या तिथेच जन्मली, तिथेच पुरली. त्यांची वेगळी क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून तयार झालेली मिश्र बोली झाली, सेगा गाणी झाली, नारळाच्या दुधात शिजवायचं त्यांचं वेगळं जेवण झालं. तुम्ही बागायतदार आहात म्हणून सांगते, तिथे बाप्यांना दिवसाला पाचशेच्या आसपास नारळ सोलायचे असत आणि बायका हजाराच्या वर नारळांचं खोबरं काढत. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, जमिनीच्या कागदावर कुणाचंच नाव नाही. हेच पुढे अंगाशी आलं. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे माणूसच नाही, हा न्याय आपल्याकडच्या कुळांना काही नवीन नाही.

आणि "हे मूळचे कसे" हा प्रश्न तुमच्या आधी लंडनच्या बाबूंनी काढलाय बरं का. साठच्या दशकात त्यांनी ठरवून टाकलं की हे कंत्राटी कामगार आहेत, येऊन-जाऊन असणारे. कारण कायमची वस्ती आहे म्हटलं की संयुक्त राष्ट्रांच्या नियमाप्रमाणे त्या लोकांचं मत विचारावं लागलं असतं. 1966 च्या सरकारी टिपणात एका बड्या अधिकाऱ्याने लिहिलंय की आपल्याला खडक पाहिजेत, तिथे समुद्रपक्ष्यांशिवाय मूळची लोकसंख्या असणार नाही. त्याखाली दुसऱ्याने शेरा मारला की पक्ष्यांबरोबर दुर्दैवाने काही टारझन आणि मॅन फ्रायडेही (रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीतला बेटावरचा नोकर) आहेत. हे कागद पुढे कोर्टकज्ज्यांत बाहेर आले. त्यामुळे त्यांना मूळचे म्हणायचं का नाही याचा वाद ज्यांना घालायचाय त्यांनी घालावा, माझ्यापुरता तो मिटलाय.

हाकललं म्हणजे नक्की कसं? बंदुका रोखून? – बी.ए.चा विद्यार्थी, नाशिक

बंदुकीची गरजच पडली नाही, तीच तर हुशारी. 1965 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून तोडून "ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश" नावाची नवीच वसाहत काढली, म्हणजे जग वसाहती सोडत होतं तेव्हा हे नवी उघडत होते. मॉरिशसला 30 लाख पौंड दिले. त्याआधी सप्टेंबरात पंतप्रधान विल्सन आणि मॉरिशसचे नेते रामगुलाम यांची लंडनला भेट झाली, त्या भेटीसाठी विल्सनना दिलेल्या टिपणात स्वच्छ लिहिलंय की स्वातंत्र्य मिळेल ही आशा दाखवा आणि बेटं सोडली नाहीत तर मिळणार नाही ही भीतीही घाला. 1966 च्या डिसेंबरात अमेरिकेशी पन्नास वर्षांचा करार झाला, भाडं नाही, पण ब्रिटन अमेरिकेकडून घेत होतं त्या पोलारिस क्षेपणास्त्रांच्या हिशेबात ब्रिटनला 1 कोटी 40 लाख डॉलरची सूट गुपचूप मिळाली.

मग मळ्यांची कंपनी सरकारने विकत घेतली आणि हळूहळू नळ बंद करायला सुरुवात झाली. आधी काय केलं तर, जे लोक औषधपाण्याला किंवा नातेवाइकांना भेटायला मॉरिशसला गेले होते त्यांना परतीच्या बोटीचं तिकीटच मिळेना. आज या लढ्याचं नेतृत्व करणारे ऑलिव्हिए बँकूल तेव्हा चार वर्षांचे होते. त्यांच्या बहिणीच्या पायावरून गाडीचं चाक गेलं, बेटावर मोठा दवाखाना नाही म्हणून 1968 ला सगळं कुटुंब तिला घेऊन मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईला आलं. मुलगी वाचली नाही. आई परतीची बोट विचारायला गेली तर उत्तर काय, तुमचं बेट विकलं गेलंय, आता तिकडे जाता येणार नाही. झालं. मागे घर, कोंबड्या, भांडीकुंडी जिथल्या तिथे. अशी कितीतरी घरं.

जे बेटावर राहिले होते त्यांच्याकडे येणाऱ्या बोटी कमी केल्या, मग तांदूळ कमी, पीठ कमी, दूध कमी, नर्स गेली, मास्तर गेला. 1971 ला दिएगो गार्सिया रिकामं करायचा हुकूम निघाला. त्या आधी कुत्री मारली. आधी गोळ्या घातल्या, विष घातलं, तेवढ्याने उरकेना म्हणून मांस दाखवून खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडली आणि गाड्यांचा धूर आत सोडला. हजारेक कुत्री होती असं म्हणतात, घरोघरची पाळलेली. पोरं बाहेर उभी राहून ऐकत होती. यानंतर बोटीत चढा असं सांगायला बंदूक कशाला लागते? 1973 पर्यंत बाकीचे दोन बेटसमूह, सालोमन आणि पेरोस बान्योस, तेही रिकामे झाले. एकूण दीड ते दोन हजार माणसं, काही मॉरिशसला, काही सेशेल्सला, धक्क्यावर उतरवून दिली आणि बोट गेली. शेवटच्या एका खेपेत लोकांनी उतरायलाच नकार दिला होता, घर द्या मग उतरतो म्हणून.

मी निवृत्त सैनिक आहे. देशाच्या संरक्षणासाठी कुणाला तरी त्याग करावा लागतो. तळाशेजारी नागरी वस्ती कोण ठेवेल? आपल्याकडे धरणासाठी, तळासाठी गावं उठलीच ना? – वाचक, पुणे

साहेब, तुमच्या सेवेबद्दल आदर आहे, पण दोन-तीन गोष्टी बघा. पेरोस बान्योस आणि सालोमन ही बेटं तळापासून दोनशे किलोमीटरच्या वर आहेत. तिथला म्हातारा नारळ सोलत बसला तर कुठल्या धावपट्टीला धोका? ती बेटं पन्नास वर्षं ओसाड पडून होती, तिथे साधा वॉचमनही नव्हता. दुसरं, खुद्द दिएगो गार्सियावर बिगर-लष्करी कामगार खूप आहेत, स्वयंपाकी, सफाईवाले, बांधकामवाले, बरेचसे फिलिपिन्सचे. म्हणजे परका माणूस चालतो, फक्त तिथे जन्मलेला चालत नाही, त्यांना या नोकऱ्यांपासूनही वर्षानुवर्षं लांब ठेवलं. जपानमध्ये, जर्मनीत तळाच्या कुंपणाला लागून गावं आहेत, लोक भाजी विकतात. आणि त्याग म्हणाल तर तो ज्याचा त्याने करायचा असतो, दुसऱ्याने परस्पर करून टाकला तर त्याला वेगळा शब्द आहे.

धरणाचं म्हणाल तर कोयनेच्या लोकांना विचारा की पुनर्वसन कसं झालं. उदाहरण तुम्हीच काढलंत म्हणून.

जाता जाता, त्या तळाचं टोपणनाव काय आहे माहितीये? बेटाचा आकार पावलासारखाही दिसतो म्हणून "स्वातंत्र्याचं पाऊल". 2002 मध्ये पकडलेल्या संशयितांना घेऊन जाणारी सीआयएची, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेची, दोन विमानं तिथे उतरली होती हे ब्रिटिश सरकारने सहा वर्षं नाकारून शेवटी 2008 ला कबूल केलं.

मी लॉ करतेय. चागोसवाले केस जिंकले असं एका लेखात वाचलं, दुसऱ्यात हरले असं. नक्की काय? – विद्यार्थिनी, मुंबई

दोन्ही बरोबर, आणि यातच सगळी मेख आहे.

आधी भरपाई. 1972 ला ब्रिटनने मॉरिशस सरकारला साडेसहा लाख पौंड दिले, ते लोकांच्या हातात पडायला 1977-78 उजाडलं, तोवर महागाईने त्याचं पाणी झालेलं. झोपडपट्टीत राहणाऱ्या बायका मग रस्त्यावर उतरल्या, उपोषणाला बसल्या, पोलिसांचा मार खाल्ला, लिझेत तालात, शार्लेसिया अलेक्सिस ही नावं लक्षात ठेव. त्या दबावाखाली 1982 ला 40 लाख पौंडांचा समझोता झाला, पण पैसे घेताना एका इंग्रजी कागदावर अंगठा घेतला. बहुतेकांना वाचता येत नव्हतं. त्यात लिहिलं होतं की आमचा आता काही हक्क उरला नाही. हा कागद पुढे प्रत्येक कोर्टात त्यांच्या तोंडावर फेकला गेलाय.

मग बँकूल, धंद्याने इलेक्ट्रिशियन, लंडनच्या हायकोर्टात गेले आणि 3 नोव्हेंबर 2000 ला चक्क जिंकले. हद्दपारीचा नियम बेकायदा. परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक म्हणाले, अपील करणार नाही, दिएगो गार्सिया सोडून बाकी बेटांवर जाऊ शकता. लोक बोट कुठून आणायची या विचारात असतानाच 11 सप्टेंबर झालं, आणि 2004 च्या जूनमध्ये सरकारने संसदेला न विचारता राणीच्या सहीने एक आदेश काढला, प्रवेश पुन्हा बंद. हे राजाज्ञेचं प्रकरण तुला अभ्यासाला येईलच. बँकूल पुन्हा कोर्टात, 2006 ला जिंकले, 2007 ला अपिलात जिंकले, आणि 2008 ला हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये तीन विरुद्ध दोन असे हरले. एका न्यायमूर्तीच्या मताने. 2016 ला सुप्रीम कोर्टात परत तीन विरुद्ध दोन.

मध्ये 2010 ला ब्रिटनने चागोसभोवती तेव्हाचं जगातलं सगळ्यात मोठं सागरी अभयारण्य जाहीर केलं. पर्यावरणवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी गुप्त कागद फोडणाऱ्या विकिलीक्समधून अमेरिकन दूतावासाची तार बाहेर पडली, त्यात ब्रिटिश अधिकारी सांगतोय की अभयारण्य झालं की या लोकांचा परतीचा दावाच निकालात निघेल. मासेमारी बंद, पण तळावरच्या लोकांना हौसेखातर गळ टाकायची परवानगी! 2015 ला समुद्र कायद्याच्या लवादाने हे अभयारण्य बेकायदा ठरवलं.

आणि मग हेग. 2019 च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 13 विरुद्ध 1 मताने सांगितलं की मॉरिशसचं विभाजन बेकायदा होतं, ब्रिटनने लवकरात लवकर इथला कारभार आवरावा. त्या सुनावणीत लिझबी एलिझे या बाईंची व्हिडिओ साक्ष दाखवली होती, लिहिता-वाचता न येणाऱ्या. बोटीत जनावरांसारखं भरलं, मी चार महिन्यांची गरोदर होते, बाळ गेलं, असं क्रिओलमध्ये सांगत होत्या. त्या मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांत 116 विरुद्ध 6 मतं पडली, सहा महिन्यांत निघा म्हणून. पण न्यायालयाचं मत सल्ल्यापुरतं, बंधनकारक नाही, त्यामुळे सहा महिने आले नि गेले. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की निकाल त्यांच्या बाजूने बरेच लागलेत, पण त्यांच्या जोरावर कुणी घरी परतलेलं नाही.

आमचं घराणं पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून मॉरिशसला आलं. मे 2025 मध्ये करारावर सह्या झाल्या तेव्हा इथे फटाके वाजले. पण माझ्या शेजारचं चागोसचं कुटुंब दार लावून बसलं होतं. त्यांना आनंद का नाही झाला? – वाचक, मॉरिशस

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, इतकं छान मराठी लिहिलंय.

करारात काय आहे ते आधी बाकीच्यांसाठी सांगते. बेटांची मालकी मॉरिशसकडे येणार, दिएगो गार्सिया 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने परत ब्रिटनकडे, म्हणजे तळ जिथल्या तिथे. ब्रिटन वर्षाला सरासरी 10 कोटी 10 लाख पौंड मोजणार. चागोसवासीयांसाठी 4 कोटी पौंडांचा एक निधी, तो मॉरिशस सरकार चालवणार. दिएगो गार्सियावर वस्ती नाही, बाकीच्या बेटांवर मॉरिशसला वाटलं तर लोकांना वसवता येईल. "वाटलं तर" हे दोन शब्द परत वाचा. घर बांधून द्यायची, धक्का बांधायची, बोट सुरू करायची सक्ती कुणावर नाही.

वाटाघाटींच्या टेबलावर चागोसच्या लोकांना खुर्ची नव्हती. 1965 लाही नव्हती. सह्या व्हायच्या त्या पहाटे दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन बायका लंडनच्या कोर्टात गेल्या, रात्री अडीचच्या सुमाराला तात्पुरती स्थगिती मिळवली, दुपारपर्यंत ती उठली आणि त्याच दिवशी सह्या झाल्या. पण म्हणून सगळेच चागोसवाले विरोधात आहेत असंही नाही. बँकूल आणि त्यांची संघटना करार म्हणजे पुढचं पाऊल मानते, तर इंग्लंडमधले, म्हणजे गॅटविक विमानतळाजवळ क्रॉली गावात वस्ती करून असलेले, त्यातले अनेकजण म्हणतात की मॉरिशसने आम्हाला पन्नास वर्षं झोपडपट्टीत ठेवलं, रंगावरून हिणवलं, त्याच्या हातात आमची बेटं कशी द्यायची. तुमच्या शेजाऱ्यांचं काय मत आहे ते मला माहीत नाही, पण पोर्ट लुईच्या रोश ब्वा वस्तीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना फटाके वाजवावेसे वाटले नसतील तर नवल नाही. दार उघडेल तेव्हा त्यांनाच विचारा, आम्हालाही कळवा, छापू.

शिवाय सही म्हणजे अंमल नाही. ब्रिटिश संसदेत यावरून जुंपली आणि आधी होकार दिलेल्या अमेरिकेच्या अध्यक्षांनीच जानेवारी 2026 मध्ये याला मूर्खपणा म्हणून टाकलं.

यात भारताची भूमिका काय? आपण तर वसाहतवादाच्या विरोधात ना? – वाचक, कोल्हापूर

आपण पहिल्यापासून मॉरिशसच्या बाजूने. 2019 ला मत दिलं, 2025 च्या कराराचं स्वागत केलं. सत्तरच्या दशकात हिंदी महासागर शांतता क्षेत्र असावा म्हणून दिल्ली फार आग्रही असायची, तेव्हा दिएगो गार्सियाचं नाव काढलं तरी आपले नेते चिडायचे. आता समीकरणं बदललीत, चीनच्या बोटी फिरायला लागल्यापासून अमेरिकेचा तळ तिथे आहे हे दिल्लीला तितकंसं खुपत नाही, उघड कुणी म्हणणार नाही.

पण खरा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तो मीच विचारते. मॉरिशसच्या उत्तरेला हजार-अकराशे किलोमीटरवर अगालेगा नावाची दोन बेटं आहेत, वस्ती तीनशेच्या आसपास. चागोसच्या मळ्यांची कंपनी होती ना, तिचं नावच चागोस-अगालेगा कंपनी, दोन्हीकडे तेच नारळ, तीच क्रिओल. तिथे भारताने 3 किलोमीटरची धावपट्टी आणि जेटी बांधून दिलीये, 29 फेब्रुवारी 2024 ला उद्घाटन झालं. दोन्ही सरकारं सांगतात की हा लष्करी तळ नाही, आणि कुणाला उठवणार नाही असंही सांगतात. मी म्हणते ठीक आहे, विश्वास ठेवू. पण अगालेगाच्या माणसाच्या नावावरही जमिनीचा तुकडा नाही, आणि चागोसचं काय झालं हे त्याने आजीच्या तोंडून ऐकलंय, तो घाबरला तर त्याला देशविरोधी म्हणू नका. त्या जमिनीचे कागद त्यांच्या नावावर करा असं मॉरिशसला सांगायला दिल्लीला काय हरकत आहे? एवढा पैसा घातलाय तर तेवढा शब्द टाकता येतो.

चागोसला फिरायला जाता येईल का? मुंबईहून विमान आहे का? स्कुबासाठी भारी असेल ना! – वाचक, डोंबिवली

विमान नाही. दिएगो गार्सियाला पर्यटकांना मनाई आहे. बाकी बेटांजवळ स्वतःची शिडाची बोट असेल तर ब्रिटिश प्रशासनाकडून नांगर टाकायचा परवाना घेऊन थांबता येत आलंय, फी भरायची, विमा दाखवायचा. जगभरचे हौशी नौकावाले सालोमनच्या शांत पाण्यात आठवडेच्या आठवडे मुक्काम करायचे, किनाऱ्यावर पार्ट्या करायचे, पडके नारळ खायचे, हे सगळं त्याच काळात जेव्हा तिथे जन्मलेल्या माणसाला आईबापांच्या कबरी साफ करायला जायचं तरी सरकारी सहल निघायची वाट बघावी लागायची आणि ती सहलही सोबत अधिकारी घेऊन, घड्याळ लावून. कराराचा अंमल झाला तर परवान्याचे नियम मॉरिशस ठरवेल. तोवर स्कुबासाठी मालवण बघा, तारकर्लीला सोय चांगली आहे.